घराची साक्ष कोणी द्यावी?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधविणारा आणि घरात राहणारा हे बहुधा एकच असत. पाया किती खोल खणला, चुना किती दिवस मुरविला, तुळई सागाची की आणखी कशाची, हे सारे धन्याच्या डोळ्यांदेखत होई. आणि गवंड्याने लबाडी केलीच, तर तो गवंडी त्याच गावात, त्याच पारावर पुन्हा भेटणारा असे. मुंबईसारख्या शहरात या म्हणीचा पूर्वार्ध आता व्यर्थ झाला आहे. येथे मनुष्य घर बांधून पाहत नाही. बांधून तयार असलेले घर विकत घेऊन पाहतो. भिंतींवर रंग चढलेला असतो, फरशी बसलेली असते, नळ आणि विजेच्या तारा भिंतीच्या पोटात गडप झालेल्या असतात. सबंध आयुष्याची मिळकत ज्या एका वस्तूपायी खर्ची पडावयाची, तिच्याविषयी खरेदीदाराचे जेवढे अज्ञान असते तेवढे मंडईत वांगी निवडतानाही नसते!

या अज्ञानातूनच गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याकडे एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. घर ताब्यात घेण्यापूर्वी ते पैसे घेऊन तपासून देणारे खाजगी तपासनीस आता मिळू लागले आहेत. ते गिलावा ठोकून त्याचा पोकळ आवाज ऐकतात, ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावतात, न्हाणीघराचा उतार बरोबर आहे की नाही ते पाहतात आणि शेवटी दोषांची यादी हाती देतात. या व्यवसायास आज येथे परवान्याचे बंधन नाही. ज्याच्यापाशी यंत्र आहे आणि ज्याच्या जिभेला धार आहे, तो तपासनीस होऊ शकतो. तेव्हा अशा तपासनिसांस नगरपालिकांनी व महानगरपालिकांनी परवाने द्यावेत काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. वरवर पाहता हा कारभाराचा प्रश्न दिसतो. परंतु दुसऱ्याच्या वतीने साक्ष देण्याचा अधिकार कोणास असावा आणि त्या साक्षीची जबाबदारी अखेर कोणी वाहावी, हा नीतीचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्ब्याच्या अंगाला, खाडीकाठी माहुल हे कोळी लोकांचे जुने गाव आहे. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. पुढे या टापूत खतांचा कारखाना आणि रसायनांच्या साठवणीच्या टाक्याही आल्या. याच परिसरात प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची एक वसाहत बांधण्यात आली. तीत सुमारे सतरा हजार घरे आहेत आणि प्रत्येक घर अदमासे २२५ चौरस फुटांचे आहे. तानसा जलवाहिनीच्या दुतर्फा असलेली वस्ती हटविण्यात आली तेव्हा, २०१७ पासून, हजारो कुटुंबे येथे आणून ठेवण्यात आली. त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचा निष्कर्ष काढला होता, के. ई. एम. रुग्णालयाने केलेली श्वसनविकारांची पाहणीही त्याच्यापुढे होती. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की कोणासही माहुलास राहण्याची सक्ती करू नये आणि जे तेथे राहू इच्छीत नाहीत त्यांस अन्यत्र घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी. वसाहतीतील पुष्कळ घरे रिकामी पडून राहिली. अखेर २०२५ मध्ये महानगरपालिकेने त्यांपैकी ९,०९८ घरे प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांस आपल्याच कर्मचाऱ्यांस विकत देऊ केली.

आता अशी कल्पना करा, की पालिकेच्या सेवेतील एका गृहस्थाने ही जाहिरात वाचली. तो बदलापुरास किंवा नालासोपाऱ्यास भाड्याने राहतो आणि रोज चार तास आगगाडीत उभा असतो. मुंबईत बारा लाखांत घर ही गोष्ट त्यास स्वप्नवत् वाटते. परंतु माहुलचे नाव त्याने ऐकलेले आहे आणि घरी दोन लहान मुले आहेत. तो मनाशी म्हणतो, कोणी जाणत्या मनुष्याने हे घर पाहून आपल्यास खरे काय ते सांगावे. हा जाणता मनुष्य त्याने कोठून आणावा? आणि त्या मनुष्याचा शब्द खरा कशावरून मानावा? आपल्या सबंध प्रश्नाची कसोटी या गृहस्थाच्या दाराशी लागते.

परवान्याच्या बाजूने जे म्हणता येते ते वजनदार आहे. जेथे विकत घेणाऱ्यास मालाची पारख नसते आणि चुकीचे फळ प्राणांवर बेतते, तेथे पारख करणाराची परीक्षा समाजाने आधी घेतली पाहिजे, हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. औषधे देणारा, विमान चालविणारा, शस्त्रक्रिया करणारा यांस आपण परवान्यावाचून काम करू देत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात सर्वेक्षकांस आणि नळकारागिरांस परवाने देण्याची तरतूद आहे. जो मनुष्य नळ जोडतो त्यास परवाना हवा आणि जो सबंध घराची ग्वाही देतो त्यास नको, हे तर्काला धरून होत नाही. शिवाय चुकीची किंमत केवळ पैशांत मोजावयाची नसते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधील एक चार मजली इमारत भर सकाळी कोसळली आणि १७ माणसे दगावली. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालले होते, असा आरोप रहिवाशांनी केला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास खालचा कोणता खांब भार वाहतो आणि कोणती भिंत नुसती आडोशाची आहे, हे कोठून कळावे? ते कळणारा मनुष्य हवा, आणि तो खरोखरच कळणारा आहे याची हमीही हवी.

उलट बाजूचे आक्षेपही तुच्छ लेखण्याजोगे नाहीत. परवाना आला की परवानावाल्यांची एक जात तयार होते. ती नव्यांस आत येऊ देत नाही आणि दर चढविते. दुसरा आक्षेप याहून खोल आहे. घर तपासण्याच्या कामी सरकारचा हात आला की काय होते, याची कटू आठवण महाराष्ट्राच्या मनात आहे. १८९७ साली पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती; परंतु स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरलेल्या त्या बुटांनी तपासणी म्हणजे जुलूम असे समीकरण लोकांच्या मनात पक्के केले, आणि रँडसाहेबाच्या खुनापर्यंत ती गोष्ट गेली. तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गाची अशी धारणा आहे, की घर पाहावयास येणारा मनुष्य आपण बोलाविलेला असावा, धाडलेला नसावा. ही धारणा मला योग्य वाटते. मात्र ती परवान्याच्या विरुद्ध जात नाही. डॉक्टरास परवाना सरकार देते, पण घरी बोलावतो तो रोगी. बोलावण्याचा हक्क घरधन्याकडे आणि पात्रता पाहण्याचे काम समाजाकडे, अशी वाटणी करता येते.

येथपर्यंत परवान्याचे पारडे जड दिसते. परंतु मुंबईने या विषयात एक प्रयोग आधीच केलेला आहे आणि त्याचे फळ पाहिल्यावाचून निर्णय देणे घाईचे होईल. महानगरपालिकेच्या अधिनियमातील कलम ३५३-ब प्रमाणे ज्या इमारतीस तीस वर्षे झाली, तिची तपासणी पालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. यालाच सर्वत्र ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात. इमारत राहण्यास धोकादायक असून पाडलीच पाहिजे, असे ठरल्यास ती ‘सी-१’ वर्गात जाते. मोठ्या दुरुस्तीने वाचणारी असल्यास ‘सी-२’ मध्ये, आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्यास ‘सी-३’ मध्ये. म्हणजे अभियंता शिकलेला आहे, नोंदलेला आहे, त्याची मोजमापे ठरलेली आहेत. असे असता एकाच इमारतीविषयी दोन नोंदणीकृत अभियंत्यांनी परस्परविरुद्ध अहवाल द्यावेत हे शक्य नाही, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात हे वारंवार घडले. घरमालकाने नेमलेल्या अभियंत्यास इमारत पाडण्याजोगी दिसे आणि भाडेकरूंनी नेमलेल्यास तीच दुरुस्त होण्याजोगी दिसे. मालकास जुन्या भाडेकरूंपासून जमीन मोकळी हवी होती. भाडेकरूंस आपले छप्पर सुटावयास नको होते. आणि काँक्रीटने बिचाऱ्याने दोघांचेही ऐकले! अखेर उच्च न्यायालयाने २०१४ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि असे परस्परविरोधी अहवाल पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाऊ लागले.

या अनुभवाचा अर्थ सर्व अभियंते लबाड असतात असा काढणे अन्यायाचे होईल. गंजलेली सळई पाहून एका तज्ज्ञास भीती वाटावी आणि दुसऱ्यास आशा वाटावी, हे प्रामाणिकपणेही घडू शकते. परंतु मतभेद नेहमी पैसे देणाऱ्याच्या दिशेनेच झुकू लागला, तर तो मतभेद ज्ञानाचा राहत नाही. परवाना ज्ञानाची खात्री देतो. निःस्पृहतेची देत नाही, आणि देऊही शकत नाही. परीक्षेत मनुष्याने किती वाचले हे दिसते, तो कोणाचे मीठ खातो हे दिसत नाही. म्हणून नुसत्या परवान्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की जो दोष काढावयास आपण निघालो आहो त्याचा अर्धाच भाग त्या कागदाने दूर होतो. उरलेला अर्धा पालिकेचा शिक्का लागल्यामुळे अधिक विश्वासार्ह दिसू लागतो, आणि म्हणून अधिक घातक होतो.

अमेरिकेत हा व्यवसाय आपल्याहून जुना आहे आणि तेथील राज्यांनी दोन निरनिराळे मार्ग धरले आहेत. टेक्सास राज्यात परवान्यावाचून कोणासही घर-तपासनीस म्हणून काम करता येत नाही. कॅलिफोर्नियात असा परवाना नाही. परंतु तेथील कायद्याने तपासनिसाचे कर्तव्य ठरवून दिले आहे. त्याने तपासलेल्या घराच्या दुरुस्तीचे काम पुढील बारा महिने स्वतः घ्यावयाचे नाही. आणि ‘आमची जबाबदारी आमच्या फीपुरतीच’ असे कलम त्याने करारात घातले तरी ते कलम कायद्याने रद्दबातल आहे. मला यातील दुसरा विचार अधिक मोलाचा वाटतो. पहिला मार्ग तपासनीस होण्यापूर्वी मनुष्यास प्रश्न विचारतो. दुसरा, साक्ष खोटी ठरल्यावर विचारतो. साक्षीदाराच्या मनात सत्याविषयी आदर उत्पन्न करण्यास दुसरा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, असे माणसाच्या स्वभावाकडे पाहता म्हणावेसे वाटते.

आता पुन्हा माहुलच्या दाराशी येऊ. आपल्या गृहस्थाने एक तपासनीस नेला, असे समजा. आणि त्यास पालिकेने परवाना दिला आहे, असेही समजा. तो भिंती ठोकील, गळतीचे डाग मोजील, नळाला पाणी येते की नाही ते पाहील आणि लिहून देईल, की घरात अमुक दोष आहेत, बाकी ठीक आहे. हा अहवाल अक्षरशः खरा असू शकेल आणि तरीही गृहस्थाची फसवणूक होईल! कारण त्यास विचारावयाचे होते ते भिंतीविषयी नव्हते. रात्री खिडकी उघडी ठेवून मुलांनी येथे श्वास घ्यावा की नाही, हे त्यास विचारावयाचे होते. आपण घराची तपासणी म्हणतो तेव्हा इमारतीची तपासणी करतो. परंतु इमारत उभी राहण्यास जे लागते ते निराळे आणि मनुष्यास राहण्यास जे लागते ते निराळे. १८ जुलै २०२१ च्या पहाटे माहुलच्याच भारतनगर वस्तीत संरक्षक भिंत घरांवर कोसळून १९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या घरांच्या आतील भिंती कोणी कितीही बारकाईने तपासल्या असत्या, तरी मरण बाहेरच्या भिंतीत होते. तेव्हा परवाना द्यावयाचा तर त्यात कशाची साक्ष द्यावयाची हे आधी ठरले पाहिजे; आणि हवा, पाणी, उतार, शेजारचे कारखाने यांस त्या साक्षीतून वगळता येणार नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. माहुलास घर विकणारी पालिका आणि तपासनिसास परवाना देणारी पालिका एकच आहे. ‘या घरात राहू नका’ असे जो तपासनीस लिहील, त्याने आपला परवाना नव्याने करून घेण्यास पुढच्या वर्षी कोठे जावे? तो धैर्याचा असेल तर लिहीलही. परंतु ज्या व्यवस्थेत सत्य बोलण्यास धैर्य लागते ती व्यवस्थाच सदोष समजली पाहिजे. हे भय काल्पनिक नाही, हे सांगण्यास एक दुःखद उदाहरण पुरे आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मरण पावली. ती इमारत पालिकेच्या मालकीची होती आणि तीत राहत होती ती पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे. जी संस्था साऱ्या शहराच्या इमारतींस नोटिसा काढते, तिला आपल्याच घराची नोटीस वेळेवर काढता आली नाही. तेथे मेलेली माणसे आणि माहुलची जाहिरात वाचणारा आपला गृहस्थ हे एकाच धन्याचे चाकर आहेत, ही गोष्ट विसरून या विषयावर लिहिणे मला शक्य नाही.

शिवाय, ज्यांस तपासणीची गरज सर्वांत जास्त, त्यांस तपासनीस नेमण्याचा प्रसंगच येत नाही. २०१७ साली जलवाहिनीकाठची झोपडी तुटल्यावर ज्या बाईच्या हाती माहुलच्या घराची किल्ली देण्यात आली, तिला ‘आधी तपासून पाहते, मग घेते’ असे म्हणण्याची सोय नव्हती. तिच्या वतीने घर तपासले ते न्यायालयाने, आणि तेही ती तेथे राहावयास गेल्यानंतर. खाजगी तपासनिसाचा परवाना हा निवड करू शकणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. ज्यांची निवड दुसराच करतो, त्यांच्या बाबतीत निवड करणाऱ्याने घर आधी तपासले पाहिजे, आणि ते आपल्या हाताखालच्या मनुष्याकडून तपासता कामा नये.

तर मग परवाने द्यावेत की नाही? माझे उत्तर ‘द्यावेत’ असे आहे; परंतु परवाना म्हणजे पालिकेने तपासनिसावर केलेली मेहेरबानी नसून पालिकेने नागरिकास दिलेले वचन आहे, असे समजून द्यावेत. वचन देणाऱ्यावर ते पाळण्याचे ओझे येते. म्हणून, तपासनिसाची जबाबदारी फीपुरती आखून घेणारे करार अवैध ठरावेत. विकणारा, बांधणारा आणि दुरुस्ती करणारा यांच्याशी त्याचा पैशाचा संबंध नसावा. त्याच्या प्रत्येक अहवालाची एक प्रत सार्वजनिक दप्तरी राहावी, म्हणजे आज एकाने पाहिलेला तडा दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्यास पुन्हा नव्याने शोधावा लागणार नाही, आणि मालकाकडून पैसे घेताना एक व भाडेकरूंकडून घेताना दुसरे लिहिणाऱ्याची सवय आपोआप उघडी पडेल. आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. जेथे पालिका किंवा सरकार स्वतः मालक, विक्रेता वा वाटप करणारा आहे, तेथे तपासनीस त्यांच्या परवान्याखालचा नसावा. एखाद्या अभियांत्रिकी विद्यालयाने, वैद्यकीय संस्थेने किंवा न्यायालयाने नेमलेला असावा आणि त्याचा अहवाल जाहिरातीबरोबरच छापला जावा. या अटी मान्य नसतील, तर परवाना नसलेला बरा. निदान मग खरेदीदारास आपण एकटे आहो हे ठाऊक असते, आणि तो सावध राहतो.

यावर कोणी म्हणेल, की एवढी चौकशी करीत बसल्यास मुंबईत गरिबास घर कधीच मिळावयाचे नाही. वाईट घर हे घर नसण्यापेक्षा बरे. या युक्तिवादात दया आहे असे दिसते, पण ती दुसऱ्याच्या फुप्फुसांवर केलेली दया आहे. वाईट घर घ्यावे की न घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्यात राहणाऱ्याचा आहे. सारे काही समजून-उमजून आपल्या गृहस्थाने माहुलास घर घेतले, तर त्यास नावे ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही. चार तासांचा प्रवास आणि भाड्याची टांगती तलवार यांचेही वजन त्याच्या तराजूत आहे. परंतु तराजू त्याच्या हाती असावा आणि वजने खोटी नसावीत, एवढी व्यवस्था शहराने केली पाहिजे.

तो गृहस्थ आज अर्जाचा कागद पुढे घेऊन बसला असेल. ‘घेऊ का?’ असे तो बायकोला विचारीत असेल, आणि तीही त्याच्याइतकीच अजाण असल्यामुळे ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणत असेल. त्या दोघांच्या मध्ये ठेवता येईल असा एक खरा कागद आपल्या शहरात कोणी लिहून देऊ शकतो काय, एवढाच हा प्रश्न आहे.